वन्समोअरचा हिशेब

मराठी संगीत रंगभूमीविषयी आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात 'वन्समोअर' हा शब्द हटकून भेटतो. कोणत्या पदाला किती वन्समोअर पडले, कोणत्या गावच्या रसिकांनी कोणत्या प्रवेशात नाटक अडवून धरले, रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटे कसा पडला, या हकिकती आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत आणि आठवणींच्या पुस्तकांतून पुनः पुनः वाचल्या आहेत. त्या वाचताना ऊर भरून येतो, हेही खरे. परंतु त्या वाचत असता माझ्या मनात एक शंका डोकावल्यावाचून राहत नाही. प्रत्येक वन्समोअरने गाणाऱ्याची कीर्ती वाढली आणि ऐकणाऱ्याचे पैसे वसूल झाले. पण त्याच वेळी पडद्याची दोरी धरून उभा असलेला माणूस, किट्सनच्या बत्तीत हवा भरणारा पोऱ्या, पुढच्या प्रवेशाचा शालू हातावर घेऊन विंगेत ताटकळणारा कपडेपटवाला आणि पायांनी भाता हलवीत ऑर्गन वाजवणारा वादक, या साऱ्यांची रात्र त्या पदाइतकी लांबत होती. त्यांच्या रात्रीचे माप कोणी घेतले? आमच्या समीक्षेने तर खचित घेतले नाही.

ही शंका मला सुचते याचे कारण माझ्या पेशात आहे. माझी नोकरी सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत झाली. पाळ्या लावणे, रजेवर गेलेल्याची बदली शोधणे, पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्या पाळीवाल्याच्या हाती यंत्र कोणत्या अवस्थेत देऊन गेला याची नोंद ठेवणे, हे माझे काम. सोलापूर हे मुळात भोंग्याचे शहर. जुन्या गिरण्या बंद पडल्या, भोंगे मुके झाले, तरी वेळेचा हिशेब इथल्या माणसाच्या अंगात उरला आहे. त्यामुळे हुतात्मा स्मृतिमंदिरात नाट्यसंगीताचा कार्यक्रम ऐकताना शेजारचे रसिक डोळे मिटून माना डोलवीत असतात, तेव्हा माझे निम्मे लक्ष गायकाकडे आणि निम्मे विंगेकडे असते. याला कोणी अरसिकपणा म्हणेल. माझे म्हणणे मात्र असे आहे की, गाणे उभे करणाऱ्या माणसांची व्यवस्था हा गाण्याचाच एक भाग आहे, आणि म्हणून सुरातालाचे जसे परीक्षण होते तसे तिचेही झाले पाहिजे.

प्रथम आपल्याकडची रीत ध्यानात घेऊ. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हातात छडी घेतलेला संचालक सर्वांसमोर उभा असतो. कोणी केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबायचे, हे प्रत्येकाच्या पुढ्यातील कागदावर लिहिलेले असते. आपल्या बैठकीत तसा कोणी नसतो. गवई मान किंचित कलती करतो आणि तबलजी लय चढवतो. गवई दम घेतो तेवढ्या अवकाशात पेटीवाला सुरांची जागा भरून काढतो. नाटकात तर याच्या जोडीला आणखी एक साखळी असते. भाषणाचे शेवटचे वाक्य कानी पडताच ऑर्गनचा सूर लागला पाहिजे, पद संपताच दिवा बदलला पाहिजे, आणि टाळ्या विरण्याच्या आत पुढले पात्र विंगेत हजर पाहिजे. हे सारे कानावर चालते. याचा अर्थ असा की, आपल्या संगीतात साथ करणारा तोच, ज्याला दुसऱ्याचे ऐकता येते. आणि या सर्वांना एकत्र बांधणाऱ्या माणसाला, मग तो कंपनीचा मालक असो, व्यवस्थापक असो वा मंडळाचा चिटणीस असो, सर्वांत अधिक ऐकता आले पाहिजे. मी ज्या कसोटीने पुढील उदाहरणे पाहणार आहे ती ही एवढीच.

गंधर्व नाटक मंडळीपासून सुरुवात करणे भाग आहे. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी ही कंपनी काढली. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू या कंपनीला लाभला. पुढे सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी साथ बालगंधर्वांच्या गाण्याला मिळाली. या नावांकडे क्षणभर थांबून पाहावे. थिरकवाखाँसाहेब स्वतंत्र वादनाने मैफल जिंकणारे कलावंत. नाटकातील पदाला त्यांनी साधा ठेका धरावा, आणि तोही असा की पदाचे शब्द कुठे झाकले जाऊ नयेत, ही गोष्ट हुकुमाने होत नाही. इतक्या मोठ्या माणसाला साथीला बसवायचे तर त्याचा मान राखावा लागतो, त्याच्या हाताला वाव द्यावा लागतो आणि कोठे वाव द्यायचा नाही हे त्याला न दुखवता समजावे लागते. बालगंधर्वांच्या गळ्याची थोरवी सर्वांनी गायिली. साथीदारांना असे फुलू देणारा त्यांचा कान मला तितकाच थोर वाटतो. ध्वनिमुद्रिका ऐकताना सुद्धा हे जाणवते. स्वर आणि ऑर्गन यांत कोण कोणाच्या मागे चालले आहे हे कित्येकदा सांगता येत नाही.

रंगमंचावर जो कान इतका तीक्ष्ण होता तो कचेरीत मात्र तसा राहिला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. भागीदारांपैकी प्रथम टेंबे आणि नंतर बोडसही कंपनीतून बाहेर पडले. उंची भरजरी वस्त्रे, अत्तरे, शोभिवंत पडदे यांवर पैसा पाण्यासारखा गेला, आणि कंपनी कर्जाच्या गाळात रुतली. ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण ती सांगतो ती राजाच्या उधळेपणाची लाडकी गोष्ट म्हणून. वस्तुतः कंपनी म्हणजे एका नटाचा संसार नव्हता. बिऱ्हाडावर आचारी, पाणके, सुतार, शिंपी, रंगारी, साजिंदे, बालनट अशी केवढी मंडळी नांदत असत. तिजोरी रिकामी झाली म्हणजे तिची झळ प्रथम कोणाला लागते, हे कोणत्याही कारखान्यात दहा वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की, त्या कंपनीतील पंगती केवढ्या थाटाच्या, मालकाचा हात केवढा सढळ! ते मान्यच आहे. माणसांवर माया होती, याविषयी मला शंका नाही. परंतु माया आणि व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायेने दिलेले मागता येत नाही. व्यवस्थेने ठरवलेले मागता येते. १९४८ च्या कारखाना कायद्याने नेमल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर लावला, तेव्हा मालकाची माया वाढली असे कोणी म्हटले नाही. कामगाराचा तास मोजला गेला, एवढेच झाले. पहाटेपर्यंत लांबलेल्या प्रयोगाचा तास मोजणारे पुस्तक कंपनीच्या कचेरीत असते, तर वन्समोअर कमी झाले असते असे नाही. पण त्याची किंमत मालकाला कळली असती, आणि त्यात कर्जाची पहिली सूचनाही दिसली असती.

आता ८ जुलै १९२१ या दिवसाकडे येऊ. मुंबईच्या बालीवाला थिएटरात त्या रात्री 'संयुक्त मानापमान' झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक समोरासमोर गातात, हा योग पाहण्यास मुंबई लोटली. या प्रयोगाची वर्णने वाचताना कोणी कोणावर मात केली याचाच खल अधिक आढळतो. मला निराळेच प्रश्न पडतात. दोन गायकांचे सूर निरनिराळे असतील तेथे ऑर्गनवाल्याने पदागणिक पट्टी कशी बदलली असेल? तबले किती जुळवून ठेवावे लागले असतील? दोन्ही कंपन्यांची माणसे विंगेत उभी असता खूण कोणाची मानायची, हे कोणी ठरवले असेल? दोन कारखान्यांचे कामगार एका रात्रीपुरते एका यंत्रावर आणून बसवावेत आणि यंत्राने एकदाही खडखडू नये, इतके हे अवघड काम. प्रयोग तर गाजला. याचा अर्थ पडद्यामागे कोणीतरी हे सारे निस्तरले. ज्या रात्रीला आपण मराठी रंगभूमीचा सुवर्णक्षण म्हणतो, तिची निम्मी कामगिरी आपल्या इतिहासात निनावी राहिली आहे. आणि तो दोष त्या माणसांचा नव्हे, लिहिणाऱ्यांचा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, आणि तशी रात्र पुन्हा होणे उरले नाही.

केशवरावांनी १९०८ साली हुबळीस स्थापिलेली 'ललितकलादर्श' पुढे बापूराव पेंढारकरांनी चालवली. या कंपनीविषयी मला विशेष आदर वाटतो, आणि त्याचे कारण गाण्याबाहेरचे आहे. १९२२ साली तिने मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले ते रंगवलेल्या पडद्यांवर न भागवता खऱ्या खोलीसारखे देखावे उभे करून. पडदा दोरीने सरकन खाली येतो. खोली मात्र उभी करावी लागते, आणि दोन प्रवेशांच्या मधल्या वेळेत मोडावीही लागते. म्हणजे सुतारांचा आणि हमालांचा ताल हा प्रयोगाच्या तालात बसवावा लागला. या कंपनीचे नेपथ्यकार पु. श्री. काळे यांनी पुढे 'ललितकलेच्या सहवासात' हे पुस्तक लिहिले. नटांच्या आणि गवयांच्या आत्मकथांनी आपली कपाटे भरली आहेत; पडद्यामागच्या माणसाने आपल्या जागेवरून कंपनी कशी दिसली हे सांगावे, असे आपल्याकडे क्वचितच घडले. तसे एक पुस्तक ज्या कंपनीच्या सहवासातून निघाले, तेथे पडद्यामागच्या माणसाला आपण या कलेचे भागीदार आहोत असे वाटण्याइतकी जागा मिळाली असली पाहिजे, असा माझा तर्क आहे.

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी बोलपटाचे युग सुरू झाले. नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे एकेक करून मोडली, आणि साजिंद्यांनी स्टुडिओची वाट धरली. तेथे वेळेचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याकडील वादकांनी आणि संयोजकांनी लेखी स्वरलिपीची शिस्त आणली. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक उभे होते. पन्नास-साठ वादकांना कागदावरून एका क्षणी एकत्र आणण्याची विद्या त्यांना अवगत होती. परंतु तबकडीवर नाव छापले गेले ते गायकाचे आणि संगीतकाराचे. नाटकात जो माणूस निदान विंगेत दिसत तरी होता, तो आता पुरता अदृश्य झाला.

हे सारे मोठ्यांचे झाले. लहान ठिकाणी हा प्रश्न अधिक उघडा दिसतो, म्हणून आमच्या वसाहतीतले एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी कोजागरीला मोकळ्या मैदानात नाट्यपदांचा कार्यक्रम ठरला आणि त्याची जुळवाजुळव माझ्याकडे आली. तबलजी शेजारच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. त्याची पाळी बदलून घेणे हे पहिले काम. पायपेटी वाजवणारा शहरातून यायचा. पायपेटी टेम्पोतून आडवी आणली तर भात्याला इजा होते, म्हणून टेम्पोवाल्याला आधीच बजावावे लागले. आश्विनातील रात्र म्हणजे दव पडणार आणि तबल्याची पुडी उतरणार. तेव्हा वरती कनात हवी. वीज गेलीच तर जनरेटर हवा, पण त्याची घरघर माईकात शिरणार नाही इतका दूर हवा. सतरंज्या घालणारी पोरे सकाळी सातच्या पाळीला जाणारी. आणि ध्वनिव्यवस्था पाहणारा तरुण असा, की त्याची हयात मिरवणुकांत गेली. आवाज मोठा करणे हीच त्याची कर्तबगारी.

या तरुणाला मी कार्यक्रमाआधी अर्धा तास तबलजीच्या शेजारी बसवले. तबलजीने त्याला डग्ग्याची घुमार ऐकवली, मींड म्हणजे काय ते हाताने दाखवले, आणि गाणाऱ्या बाईंनी आपल्याला स्वतःचा आवाज समोरच्या मॉनिटरमधून किती हवा ते गाऊन सांगितले. एवढ्याने काम झाले. त्या रात्री त्याने एकदाही बटणे पिळली नाहीत. मधल्या एका विलंबित जागी तर आवाज बोटभर कमी करून त्याने सर्वांना पुढे सरकून ऐकायला लावले. ही सूचना त्याला कोणी दिली नव्हती. माणसाला आपण काय करीत आहोत हे सांगितले की तो नोकराचा साथीदार होतो, हे मी पाळ्या लावताना पाहिले होतेच. गाण्यात ते कानांनी ऐकले. वन्समोअरचेही आधीच ठरले होते. दोन घ्यायचे, तिसऱ्याला हात जोडायचे. कारण सात वाजता सतरंज्या घालणाऱ्यांना पंच करायचा होता. लोकांनी थोडी कुरकुर केली, मग मसाला दुधाकडे वळले.

याच्या उलटही पाहिले आहे. एका संस्थेच्या बैठकीत, नाव सांगण्याचे कारण नाही, मुख्य गायकाला स्टेशनवर सोडायला मोटार तयार होती, आणि साथीदार मात्र पाकिटासाठी रात्री दोन वाजेपर्यंत सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले होते. खजिनदार घरी निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या बैठकीचे जे परीक्षण आले त्यात 'साथ अनुरूप होती' असे तीन शब्द होते. मला तर ते तीन शब्द त्या पायऱ्यांइतकेच कठीण वाटले.

जुन्या रसिकांची आणखी एक खंत येथे विचारात घेतली पाहिजे. १९५३ साली भीमसेन जोशींनी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. त्यात रात्रभर गाणे चाले आणि उजाडताना भैरवी होई. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन पडले, आणि मैफली दुपारपासून सुरू होऊ लागल्या. रात्रीचे राग मैफलीत उतरत्या रात्री ऐकू येईनासे झाले, हे नुकसान खरेच आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. पण याच नियमाने माईक लावणाऱ्याला, खुर्च्या उचलणाऱ्याला आणि चहावाल्याला पहिल्यांदाच संपण्याची ठरलेली वेळ मिळाली. ती संगीताच्या जाणकारांनी विचारपूर्वक दिली असती तर अधिक शोभले असते. ती कायद्याकडून आली. कलेच्या घरात जो हिशेब आपण मांडत नाही, तो पुढे बाहेरचा माणूस येऊन मांडतो, आणि त्याला मालकंस आणि सिनेमाचे गाणे सारखेच असते.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. कला म्हणजे कारखाना नव्हे. तेथे घड्याळ लावले की रंग जातो. हे म्हणणारा मनुष्य बहुधा श्रोत्यांत बसलेला असतो. रंग भरायला वेळ लागतो, हे मान्य करूनच मी म्हणतो की, तो वेळ कोणाच्या झोपेतून काढला जातो हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असावे. ठाऊक असले म्हणून रंग उणा होत नाही. उलट, आज ऑर्गन वाजवणारे हात शोधावे लागतात. सारंगी नाट्यसंगीतातून जवळपास उठली. संगीत नाटकाचा प्रयोग लावायचा तर साथीदारांचा खर्च परवडत नाही म्हणून आयत्या मुद्रित संगीतावर गाण्याचा मोह होतो. मुद्रित संगीत ऐकत नाही. गायकाने दम घेतला तर ते थांबत नाही, एखादी जागा अकस्मात सुचली तर ते वाट पाहत नाही. साथीदारांना आपण सांभाळले नाही, तर शेवटी वन्समोअर मागण्याजोगेही काही उरणार नाही; त्याच जागेवर तोच सूर यंत्र पुन्हा वाजवून दाखवील, इतकेच.

म्हणून समीक्षकांना माझी विनंती साधी आहे. परीक्षण लिहिताना साथीदारांची नावे पूर्ण लिहा. पडदा केव्हा उघडला आणि केव्हा पडला ते लिहा. आवाज कोणी सांभाळला, दिवे कोणी पाहिले, ते चांगले झाले असेल तर कसे आणि बिघडले असेल तर कशामुळे, हे लिहा. मंडळांनी कार्यक्रमपत्रिकेवर ही नावे छापावीत आणि सर्वांची पाकिटे पडदा उघडण्याआधी तयार ठेवावीत. यासाठी अनुदान लागत नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा गावोगावी 'दिवाळी पहाट'चे कार्यक्रम व्हायचे असतील. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे लेवून, मुलांना घेऊन आपण पाच-साडेपाचला मैदानावर जाल. सतरंज्या घातलेल्या असतील, तानपुरे जुळलेले असतील, सनईचा सूर हवेत असेल. हे सारे पाचला तयार असण्यासाठी काही माणसे दोन वाजता घराबाहेर पडलेली असतात. त्यांच्या घरी उटणे वाटीत तसेच असते, आणि पोरे बाप परत येईतो थांबलेली असतात. भैरवी झाल्यावर टाळ्या अवश्य वाजवा. मग मंचाच्या उजव्या बाजूला, जेथे तारांची भेंडोळी पडलेली असतात तेथे जाऊन त्या माणसाला त्याचे नाव विचारा, आणि घरून आणलेल्या डब्यातील चकली त्याच्या हातावर ठेवा. तिसरा वन्समोअर मात्र त्या दिवशी मागू नका. त्याला घरी जाऊन अंघोळ करायची आहे.